कसबा पेठेतील वाड्याच्या भिंतीला पोट आले आहे: उतरवावी, की सावरता येईल?

दोनचौकी (प्रश्न)

नमस्कार. कसबा पेठेत आमचा दोन चौकांचा वडिलोपार्जित वाडा आहे. घरात तो दुसऱ्या बाजीरावाच्या काळातला असल्याचे सांगतात. कागद मात्र इंग्रजी अमदानीच्या आधीचा एकही हाती नाही. जोते काळ्या दगडाचे आहे, त्यावर तळमजल्याच्या बाहेरच्या भिंती सुमारे सव्वादोन फूट जाडीच्या, पातळ जुन्या विटांच्या आहेत. वरचा मजला सागवानी चौकटीचा असून त्यात विटांची भरणी आहे आणि माथ्यावर मंगलोरी कौले आहेत. मागच्या चौकाची पूर्वीच पडझड झालेली असल्यामुळे हा प्रश्न पुढच्या चौकापुरता आहे.

बोळाकडची पश्चिमेची भिंत पहिल्या मजल्याच्या तुळयांच्या थोडी खाली बाहेर फुगली आहे. उत्तरेच्या कोपऱ्यात उभी भेग आहे. ती खाली केसाएवढी आणि वर बोट जाईल इतकी रुंद आहे. आतल्या बाजूने छातीच्या उंचीपर्यंत लोणा (ओलीबरोबर वर येणारे क्षार) लागून गिलाव्याचे पोपडे पडतात. बाहेरून या भिंतीला काही वर्षांपूर्वी ‘पक्का’ सिमेंटचा गिलावा करून घेतलेला आहे.

इमारत धोकादायक असल्याची नोटीस आल्यावर आम्ही संरचनात्मक तपासणी करून घेतली. अहवाल दोन पानांचा आहे. रिबाउंड हॅमरचे आकडे दिले आहेत आणि शेवटी ‘सी-१, तत्काळ निष्कासित करावी’, म्हणजे पाडावी, असा शेरा आहे. दुसरीकडे एका कंत्राटदाराने भिंतीत दाबाने सिमेंटचे पाणी भरून, वर जाळी ठोकून गनायटिंग (दाबाने सिमेंट-वाळूचा थर फवारणे) करण्याचा प्रस्ताव दिला आहे आणि दहा वर्षांची हमी देऊ केली आहे. घरातली निम्मी मंडळी पाडण्याच्या बाजूने आहेत, निम्मी दुरुस्तीच्या. तळमजल्यावर दोन भाडेकरू राहतात.

या अहवालावर कितपत विसंबावे, गनायटिंग करावे का, आणि पावसाळ्यापूर्वी निदान काय करून घेतलेच पाहिजे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

ओळंबा

मी संरचना अभियंता आहे आणि पेठांतील जुन्या बांधकामांची तपासणी हे माझ्या नेहमीच्या कामापैकी आहे. भिंत प्रत्यक्ष न पाहता निर्णय देता येत नाही. पण तपासणी कशी व्हायला हवी होती, ते सांगता येते.

रिबाउंड हॅमर हे काँक्रीटसाठीचे यंत्र आहे. ते पृष्ठभागाचा कठीणपणा मोजते आणि काँक्रीटसाठी तयार केलेल्या आलेखावरून दाबशक्तीचा अंदाज देते. विटा, चुना आणि भराव यांच्या भिंतीवर, तेही सिमेंटच्या गिलाव्यावरून, तो हातोडा मारला तर जो आकडा येतो तो गिलाव्याचा असतो. अशा आकड्यांवरून सी-१ ठरवणे जसे चूक, तसेच उद्या आकडे चांगले आले म्हणून इमारत सुरक्षित ठरवणेही चूकच. तेव्हा अहवाल बाजूला ठेवा, पण भिंत धोकादायक नाही असा त्याचा अर्थ घेऊ नका. तुम्ही वर्णन केलेली लक्षणे गंभीर आहेत.

सव्वादोन फुटांची जुनी भिंत बहुधा सलग नसते. बाहेरचा एक थर नीट रचलेला, आतला एक थर नीट रचलेला, आणि दोहोंच्या मध्ये विटांचे तुकडे, खडी, चुना किंवा माती यांची भरणी, अशी तिची घडण असते. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड किंवा आडव्या विटा पुरेशा असतील तर ती एकजीव राहते. त्या नसतील, किंवा ओलीने मधली भरणी खाली बसत गेली, तर भरणी पाचरीप्रमाणे दोन्ही थर एकमेकांपासून ढकलते आणि बाहेरच्या मोकळ्या बाजूला पोट येते.

येथे थोडे गणित करावे लागेल, कारण निर्णय त्यावरच अवलंबून आहे. वीटकाम दाब चांगला सोसते, ताण जवळजवळ सोसत नाही. वरून येणारा भार भिंतीच्या जाडीच्या मधल्या एक तृतीयांश भागातून जात असेल तोवर ताण उत्पन्न होत नाही. तुमची भिंत सुमारे ६८ सेंटिमीटर जाडीची आहे. ती एकजीव असेल तर भाराची रेषा मध्यापासून सुमारे ११ सेंटिमीटर सरकली तरी चालते. पण थर सुटले असतील आणि प्रत्येक थर समजा २५ सेंटिमीटरचा उरला असेल, तर ही मुभा जेमतेम ४ सेंटिमीटरवर येते. म्हणजे पाच-सहा सेंटिमीटरचे पोट एका भिंतीत निभावून जाईल आणि बाहेरून हुबेहूब तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या भिंतीत निभावणार नाही. म्हणून पहिला प्रश्न ‘पोट किती’ हा नसून, बाहेरच्या पोटाइतकीच आतली बाजूही सरकली आहे की ती सरळ उभी आहे, हा आहे. आतली बाजू सरळ असेल तर थर सुटले आहेत असे धरून चाला.

हे घरच्या घरी पाहता येते. वरच्या मजल्याच्या खिडकीतून ओळंबा सोडा आणि दोरीपासून भिंतीपर्यंतचे अंतर दर फुटाला मोजून लिहून ठेवा. मग आतूनही तेच करा. लाकडी हातोडीने हलके ठोकत गेल्यास जिथे थर सुटला आहे तिथे पोकळ आवाज येतो. त्यानंतर एखाद्या कोनाड्याच्या पाठीमागच्या दोन विटा अलगद काढून मधली भरणी चुन्याची आहे की मातीची, ओली आहे की कोरडी, हे डोळ्यांनी पाहा. याच्या पुढची पायरी फ्लॅट जॅकची चाचणी ही आहे. विटांमधल्या सांध्यात, म्हणजे दरजेत, बारीक चीर घेऊन तीत पातळ जॅक बसवतात आणि त्या ठिकाणी भिंतीवर प्रत्यक्ष किती दाब आहे ते मोजतात. वीटकामासाठी ती योग्य चाचणी आहे.

भेग वर रुंद आणि खाली अरुंद आहे, यावरून पश्चिमेची भिंत कोपऱ्यापासून सुटून बाहेर कलत असावी असे वाटते. भेगेवर दोन-तीन ठिकाणी काचेच्या पातळ पट्ट्या चुन्यात चिकटवून त्यांवर तारीख घाला. पट्टी तडकली तर हालचाल चालू आहे हे कळते. मात्र पट्टी शाबूत राहिली म्हणून निर्धास्त होऊ नका. इटलीतील पाव्हिया शहराचा मध्ययुगीन मनोरा १७ मार्च १९८९ रोजी भूकंप नसताना, वादळ नसताना कोसळला आणि चार माणसे दगावली. त्याच्याही भिंती बाहेर वीटकाम आणि आत भराव अशाच होत्या, आणि शतकानुशतके सतत राहिलेल्या भाराखाली त्या आतून झिजत गेल्या होत्या. अशा बांधकामात शेवटची हालचाल फार थोडा वेळ देते.

एक प्रश्न. तुमच्या वाड्यात १९६१ च्या पानशेतच्या पुराचे पाणी आले होते का?

घाणीचा चुना

वर भाराविषयी आले आहे, मी पाण्याविषयी लिहितो; कारण पुण्यातील बहुतेक वाडे भाराने नव्हे, पाण्याने जातात.

काळा दगड पाणी फारसे शोषत नाही. म्हणूनच आपल्याकडे दगडी जोते उंच बांधून त्यावर वीटकाम सुरू करण्याची रीत होती. जमिनीतली ओल दगडातून वर चढत नसे. आता आपल्या दिंडीपाशी उभे राहून पाहा. पेठांतील बोळांवर डांबराचे थर चढले आणि त्यावर काँक्रीट आले. जिथे तीन पायऱ्या चढून आत जावे लागे तिथे आता उंबरा ओलांडून खाली उतरावे लागते. जोते रस्त्याखाली गेले की पावसाचे आणि गटाराचे पाणी थेट विटांना भिडते, आणि वीट व चुना ते वातीसारखे वर ओढतात. पूर्वी हे पाणी भिंतीच्या दोन्ही बाजूंनी उडून जात असे. बाहेरून सिमेंटचा गिलावा झाला की तिकडची वाट बंद होते. मग ओल आतल्या बाजूला येते आणि उडून जायला पुरेसा पृष्ठभाग मिळेपर्यंत वर चढत राहते. तुमचा लोणा छातीपर्यंत पोचला आहे तो बहुधा यामुळेच. त्यातून जुन्या वाड्यांच्या जमिनीत पागा, गोठे आणि जुने शौचकूप यांमुळे क्षार भरपूर असतात. पाणी उडते, क्षार विटेच्या कातडीखाली स्फटिक होऊन फुगतात आणि वीट पापुद्र्यापापुद्र्याने गळते.

त्यामुळे गनायटिंगचा प्रस्ताव मी साफ नाकारीन. एक तर ते सारे वजन भिंतीच्या नेमक्या त्या बाहेरच्या थराला टांगले जाते जो आधीच सुटलेला असण्याचा संभव आहे. दुसरे म्हणजे आत राहिलेली ओल कायमची कोंडली जाते, आणि तिच्यात तुळयांची टोकेही सापडतात. तिसरे, ते पुन्हा काढायचे ठरवले तर विटाही सोबत निघून येतात. १९६४ च्या व्हेनिस सनदेने आधुनिक तंत्राला मज्जाव केलेला नाही. पारंपरिक तंत्र अपुरे पडते तिथे ते वापरावे असेच तीत म्हटले आहे. येथे पारंपरिक तंत्र अजून करूनच पाहिलेले नाही. दहा वर्षांच्या हमीविषयी एवढेच म्हणतो की गनायटिंग दहा वर्षे टिकेलही, त्याच्या मागची भिंत टिकण्याची हमी त्या कागदावर आहे का ते वाचून पाहावे.

सिमेंटच्या पाण्याचेही तेच. घट्ट झाल्यावर ते आजूबाजूच्या विटेपेक्षा कितीतरी कठीण होते, त्यामुळे पुढची भेग विटेतून जाते. शिवाय त्यातील विद्राव्य अल्कली भिंतीत नव्या क्षारांची भर घालतात, आणि जुन्या भिंतीत कुठे जिप्समचा अंश असेल तर त्याच्याशी अभिक्रिया होऊन भरणी फुगते.

चुना वापरायचा तर तो नीट समजून वापरा. भारतीय मानक ७१२ मध्ये बांधकामाच्या चुन्याचे वर्ग दिलेले आहेत. त्यांतील ‘अ’ वर्गाचा चुना पाण्यातही घट्ट होतो. ‘क’ वर्गाचा फक्त हवेतील कर्बवायू शोषून हळूहळू घट्ट होतो. ओल्या, जाड भिंतीच्या पोटात हवा पोचत नाही, म्हणून तिथे ‘क’ वर्गाचा चुना वर्षानुवर्षे कच्चाच राहतो. आपल्या जुन्या गवंड्यांनी ही अडचण सुर्खी (भाजलेल्या विटांची पूड) घालून सोडवली होती. कळीचा चुना विझवून, पाण्याखाली मुरवून, वाळू आणि सुर्खीसह घाणीत (चुना घोटण्याच्या दगडी चाकाच्या चरात) घोटला की तोही ओलीत घट्ट होतो. गूळ, हिरडा, उडीद, बेलफळ यांविषयी आजकाल फार ऐकू येते. त्यांचा उपयोग नाही असे नाही, पण विझवणे आणि घोटणे कच्चे राहिले असेल तर गुळाने भिंत तरत नाही.

चुन्याचे काम दिवाळीनंतर ते माघापर्यंत करावे. चैत्र-वैशाखातल्या उन्हात ते घट्ट होण्याआधीच वाळून भुगा होते आणि पावसात वाळतच नाही. म्हणजे या पावसाळ्यापूर्वी तुम्हाला गिलावा करायचाच नाही. जोत्यालगतचा सिमेंटचा पट्टाही धिरे (भिंतीला आधाराचे टेकू) दिल्याशिवाय काढू नका. फुगलेल्या भिंतीवर छिन्नी-हातोडा चालवणे धोक्याचे आहे.

बुधवारकर

वरील दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, परंतु चुना की सिमेंट हा प्रश्नकर्त्यांचा आजचा प्रश्न नव्हे. त्या भिंतीलगत माणसे झोपतात. पश्चिमेच्या खणातील खोल्या आजच रिकाम्या करा आणि बोळातून जाणाऱ्यांसाठी अडथळे लावा, तपासण्या त्यानंतर.

भाडेकरू बहुधा निघणार नाहीत, आणि त्यात त्यांचा दोष नाही. एकदा बाहेर पडलो की हक्क गेला, ही भीती पेठांत खरीच आहे. म्हणून त्यांच्या ताब्यातील जागेची मोजणी करून, दोन्ही बाजूंच्या सह्यांनी ती कागदावर आणून, नोटीस देणाऱ्या कार्यालयात त्याची प्रत नोंदवून घ्या. आमच्याकडे या एका कागदामुळे वाद मिटला. वर्षानुवर्षे टेकूखाली राहण्यापेक्षा हे बरे.

आता कायद्याविषयी. तुमची नोटीस महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खालची असावी. त्या नोटिशीकडे दुर्लक्ष करणे हा पर्याय नाही. पण तिचे उत्तर म्हणजे पाडणेच असेही नाही. शासनाच्या वर्गवारीत सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य व तत्काळ पाडावयाची इमारत. सी-२ए म्हणजे रिकामी करून संरचनात्मक दुरुस्ती करण्याजोगी. वीटकामाचा अनुभव असलेल्या दुसऱ्या अभियंत्याचा अहवाल घेऊन, धिरे दिल्याचा पुरावा जोडून, वर्ग बदलण्याची लेखी मागणी करता येते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अजून कोणी लिहिलेली नाही. तुमचा वाडा शनिवारवाड्यापासून किती अंतरावर आहे? शनिवारवाडा केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारकांविषयीच्या अधिनियमात २०१० साली दुरुस्ती झाली, आणि त्यानुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे. त्यापुढील २०० मीटरमध्ये ते परवानगीने करता येते. त्या १०० मीटरच्या पट्ट्यात राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या परवानगीने दुरुस्ती होऊ शकते. पण इमारत एकदा भुईसपाट झाली की दुरुस्त करायला काही उरत नाही, आणि नवे बांधायला परवानगी नाही. कसब्यात आणि शनिवारात असे रिकामे भूखंड आहेत. त्यांवर दुचाकी लागतात. तेव्हा पाडण्याच्या बाजूच्या नातलगांना आधी मोजणीचा नकाशा दाखवा. त्याखेरीज वाडा शहराच्या वारसा यादीत आहे का, हेही पाहून घ्या. असेल तर पाडण्यापूर्वी वारसा समितीची परवानगी लागते.

चुन्याचा आग्रहही मर्यादेत असावा, असे मला वाटते. आमच्या वाड्यात दोन तुळयांच्या बाजूंना पोलादी पट्ट्या लावून बोल्टने आवळल्या आहेत. दिसायला त्या बऱ्या दिसत नाहीत, पण माडी वापरात आहे.

दोनचौकी

सर्वांचे आभार. पश्चिमेचे दोन खण रिकामे केले आहेत आणि भाडेकरूंच्या जागेची मोजणीही झाली. सुचवल्याप्रमाणे जे पाहिले ते येथे नोंदवतो.

ओळंब्याने बाहेरचे पोट सहा सेंटिमीटर भरले; आतली बाजू मात्र जवळजवळ सरळ आहे. कोनाड्यामागच्या विटा काढल्या. पुढचे थर चुन्यात आहेत, पण मधली भरणी पांढऱ्या मातीची आणि विटांच्या तुकड्यांची निघाली. वरच्या भागात ती कोरडी आहे आणि हाताने सुटते. गुडघ्याच्या खाली ओली आहे. १२ जुलै १९६१ च्या पुराचे पाणी वाड्यात शिरले होते. माजघराच्या देवळीपर्यंत ते चढल्याचे आजी सांगत असे.

आणखी एक गोष्ट चुलत्यांनी सांगितली. सत्तरच्या दशकात बोळाकडचा एक खण दुकानासाठी दिला, तेव्हा मधला सागवानी खांब काढून त्या जागी लोखंडी गर्डर टाकला. त्याचे एक टोक या पश्चिमेच्या भिंतीत आहे, आणि पोट बरोबर त्याच्या खाली आहे. शेजारच्या, म्हणजे उत्तरेच्या जागेवर जुना वाडा उतरवून तळघरासाठी खोदकामाची आखणी झाली आहे. मोजणीच्या नकाशाप्रमाणे आमचा वाडा शंभर मीटरच्या आत येतो. त्यामुळे घरातील वाद तूर्त थांबला आहे.

मधली भरणी मातीची असेल तर चुन्याचे पाणी सोडून ती घट्ट करता येईल का? आणि पावसाळ्यापूर्वी कामाचा क्रम कसा ठेवावा?

ओळंबा

आता चित्र स्पष्ट झाले. खांब चौथऱ्यावर उभा होता आणि आपला भार थेट जमिनीत देत होता. तो काढल्यावर वरच्या मजल्याच्या त्या भागाचे वजन गर्डरच्या टोकाशी एकवटले. टोकाखाली रुंद दगड बसवलेला नसेल तर ते सारे आतल्या थराच्या दोन-तीन विटांवर येते. त्या चिरडत गेल्या की बाजूची भरणी बाहेर सरकते. त्यात १९६१ मध्ये खालची माती एकदा पूर्ण भिजून बसलेली आणि आता रस्त्याच्या पाण्याने पुन्हा ओली. नारायण, शनिवार आणि कसबा या नदीकाठच्या पेठांत पानशेतच्या पुरात मातीतील भिंती विरघळल्यासारख्या बसल्या होत्या. ज्या उभ्या राहिल्या त्यांच्या पोटात काय झाले, हे बहुतेक ठिकाणी कोणी उघडून पाहिले नाही. गणपतीतील ढोल-ताशांच्या हादऱ्यांना पेठांत अशा भिंतींचा दोष देतात. माझ्या मते येथे एकटा गर्डर पुरेसा आहे.

मातीच्या भरणीत चुन्याचे पाणी सोडू नका. बारीक मातीच्या कणांमध्ये ते शिरत नाही, आणि त्यातील पाण्याने माती मात्र नरम होऊन आणखी ढकलते. अशा भिंतीला थर एकमेकांना बांधण्याची गरज असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती थर सुटून आतबाहेर कोसळल्या. त्यानंतरच्या दुरुस्तीत अनेक ठिकाणी भिंतीला अलगद आरपार भोक पाडून, दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवून, भोक काँक्रीटने भरण्याची पद्धत वापरली गेली. भारतीय मानक १३८२८ आणि १३९३५ मध्ये कमी ताकदीच्या भिंतींसाठी असे उपाय दिलेले आहेत. तुमच्या भिंतीत मी सळई गंजरोधक पोलादाची आणि भरण ‘अ’ वर्गाच्या चुन्याची सुचवीन. साधे लोखंड गंजले की मूळ आकारमानाच्या कित्येक पट फुगते आणि ज्याला धरून ठेवायचे त्यालाच फोडते. भोके पाडताना आघात करणारे यंत्र वापरू देऊ नका. फिरणारे, पाणी न वापरणारे ड्रिल वापरावे.

क्रमाविषयी: सर्वप्रथम गर्डरच्या टोकालगत, भिंतीला न टेकता, जमिनीवर रुंद फळी टाकून तिच्यावर उभा टेकू द्या, म्हणजे तो भार भिंतीवरून उतरेल. बोळात जागा आणि परवानगी मिळाल्यास बाहेरून तिरके धिरे द्या. पाचरी हाताने बसतील एवढ्याच ठोका, कारण फुगलेली भिंत जोराने आत दाबली तर सुटलेला थर मधेच मोडतो. जागा नसेल तर पोटाच्या वर आणि खाली भिंतीला आडव्या जाड फळ्या लावून त्या आतून समोरच्या भिंतीशी पोलादी सळयांनी बांधता येतील. मग छप्पर: त्या भिंतीवरची कौले सारखी करून पन्हळीचे पाणी भिंतीपासून दूर सोडा. जोत्यालगत पाणी साचू नये म्हणून उताराचे गटार काढा. टेकू उभे राहिल्यावर त्या भिंतीतील तुळयांची टोके आतून सुतारी टोच्याने तपासा. टोच्या सहज आत गेला तर तेवढे टोक कुजलेले समजावे. पूर्ण तुळई बदलण्याऐवजी टोक कापून नवे सागवान सांध्याने जोडता येते. एवढे झाले तर पावसाळा काढता येईल. आरपार सळया आणि कोपऱ्याची भेग सांधणारे टाके ही कामे पाऊस संपल्यावर करा. गर्डरखाली नवा खांब उभारणे किंवा त्याच्या टोकाखाली दगडी उसा (भार पसरवणारा रुंद दगड) बसवणेही तेव्हाच.

उत्तरेच्या खोदकामाकडे दुर्लक्ष करू नका. जुन्या वाड्यांचा पाया मुरमापर्यंत गेलेला असतो, पण तो फार खोल नसतो. शेजारी सरळ उभा खड्डा घेतला की पायाखालचा मुरूम मोकळा होतो. खोदकाम सुरू होण्यापूर्वी तुमच्या भेगांची छायाचित्रे, ओळंब्याची मापे आणि काचेच्या पट्ट्या यांची संयुक्त पाहणी करून त्यावर शेजारच्या बांधकामाच्या अभियंत्याची सही घ्या. तुमच्या पायालगत खड्ड्याला आधार दिल्याशिवाय एका वेळी लांबलचक पट्टा उघडणार नाही, हे त्याच्याकडून लेखी मागा.

घाणीचा चुना

मधली भरणी मातीची निघाली, तेव्हा बाहेरचा थर सळयांनी न सावरण्याचीही शक्यता धरून ठेवा. पोटाच्या भागात विटा आतून भुगा झाल्या असतील तर तो थर उतरवून पुन्हा बांधावा लागेल. ते संवर्धनाच्या विरुद्ध नाही, फक्त एकदम उतरवायचा नाही. टेकू पक्के झाल्यावर तीन-साडेतीन फुटांचा एक उभा पट्टा उतरवावा, मागची ओली माती काढून तिथे चुन्यात वीटकाम भरावे, दर दोन फुटांना आरपार बांधणी घ्यावी, आणि तो घट्ट झाल्यावर एक पट्टा सोडून पुढचा उघडावा. जुन्या भिंतीवर पिंपळ किंवा उंबर उगवला असेल तर तोही याच वेळी बुंध्याशी कापून, खुंटावर औषध लावून वाळू द्यावा. ओढून काढू नये, कारण मुळांबरोबर दरजा उघडतात.

उतरवलेल्या विटा चौकातच, फळ्यांवर आणि झाकून रचून ठेवा. त्या मापाची वीट आज भट्टीवर मिळत नाही, आणि जाड विटेने पट्टा बांधला तर जुन्या थरांशी दरजा जुळत नाहीत. सजावटीसाठी या विटा विकत घेणारे पेठांत काम निघाले की लगेच येतात; कामावरच्या मुकादमाला ‘एकही वीट वाड्याबाहेर जाणार नाही’ हे करारातच लिहून द्या.